एम.एससी. एन्व्हायर्नमेंटल सायन्स नागपूरला करावं का? लॅब, मशीनी, सोयी खरंच आहेत का तिथं?

वैनगंगाकाठ:
नमस्कार सगळ्यांना. मी बी.एससी. फायनलला आहे, केमिस्ट्री बॉटनी झूलॉजी, गाव पवनी तालुक्यात, गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरला लागूनच म्हणा ना. एम.एससी. एन्व्हायर्नमेंटल सायन्स करायचं पक्कं आहे पण कुठं करायचं यावर घरी रोज जेवताना तोच विषय चालू आहे. मामा म्हणतात पुण्याला जा, तिथं सगळ्या सोयी आहेत, बाबा म्हणतात नागपूर बरं, शनिवारी घरी येता येते. मला दोघांचंही पटते आणि दोघांचंही पटत नाही.

माझा विषय डोक्यात ठरलेला आहे. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये जाते, कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेला मिळते आणि तिथून खाली ते सगळं पाणी धरणात येऊन थांबते, म्हणजे आमच्या दारात. उन्हाळ्यात पाण्याचा रंग पाहिला तर आंघोळीलाही मन होत नाही. ढिवर मोहल्ल्यातले लोक मासोळीबद्दल जे सांगतात ते वेगळंच. मला त्या पाण्यात आणि मासोळीत मेटल किती आहे, नायट्रेट किती, ऑक्सिजन किती हे स्वतः तपासायचं आहे, नेटवरचे आकडे कॉपी करून प्रोजेक्ट नाही करायचा.

तर प्रश्न असा की नागपूरच्या विद्यापीठात, कॉलेजांत यासाठी लॅब आहेत का? तीन-चार ठिकाणचे ब्रोशर पाहिले, सगळीकडे सुसज्ज प्रयोगशाळा असंच लिहून आहे. एम.एससी.च्या पोरापोरींना त्या मशीनला हात लावू देतात की काचेतून दाखवतात? ज्यांनी तिथं केलं आहे त्यांनीच सांगा प्लीज.

ढगाळ_नागपूर:
सुसज्ज म्हणजे कुलूप सुसज्ज असते ताई, चाबी एच.ओ.डी.च्या ड्रॉवरमध्ये आणि एच.ओ.डी. मीटिंगमध्ये 😄

संत्राबर्फी:
वरच्या भाऊंचं हसण्यावारी नेऊ नको, अर्धं खरं आहे. मी नागपूरलाच एम.एससी. केलं आणि आता पीएच.डी. करून राहिलो, तर जरा सविस्तर लिहितो, लांब होईल.

आधी कुठं कुठं आहे ते. आपलं विद्यापीठ म्हणजे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ, १९२३ चं, सायन्सचे पीजी विभाग बहुतेक अमरावती रोडच्या कॅम्पसमध्ये आहेत. पण एन्व्हायर्नमेंटल सायन्सची पीजी कॅम्पसपुरती नाही, सिव्हिल लाईन्समधली इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आहे, सक्करदऱ्याकडे सेवादल महिला महाविद्यालय आहे. यंदा कुठं किती सीट आहेत ते ज्या त्या ठिकाणी फोन करून विचार. व्हीएनआयटीत एन्व्हायर्नमेंटल इंजिनिअरिंगचं एम.टेक. आहे पण ते बी.ई.वाल्यांचं आणि गेट परीक्षा देणाऱ्यांचं काम, तुझ्या कामाचं नाही आत्ता.

आता मशीनीचं. पाण्याचं रोजचं जे काम आहे, पीएच, टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार, हार्डनेस, डीओ म्हणजे विरघळलेला ऑक्सिजन, बीओडी-सीओडी म्हणजे पाण्यातली घाण किती ऑक्सिजन खाते ते, नायट्रेट, फॉस्फेट, ते साध्या लॅबमध्ये होते, त्यासाठी कोटीची मशीन लागत नाही. ब्युरेट, इन्क्युबेटर, सीओडी डायजेस्टर आणि एक बरा स्पेक्ट्रोफोटोमीटर एवढ्यात बरंच होऊन जाते. अडते ते मेटलवर. त्यासाठी एएएस नाहीतर आयसीपी लागते, आणि कीटकनाशकं पाहायची असली तर जीसी-एमएस. ही मशीन कॉलेजच्या लेव्हलवर असली तरी चालवणं परवडत नाही, गॅस, स्टँडर्ड, एएमसी म्हणजे देखभालीचं वार्षिक कंत्राट, सगळं महाग.

पण नागपूरची गंमत ही आहे की जे विद्यापीठाच्या आवारात नाही ते तीन-चार किलोमीटरवर दुसऱ्या कोणाच्या आवारात आहे. नीरी, म्हणजे पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था, इथंच आहे, नेहरू मार्गावर. १९५८ मध्ये सुरू झाली तेव्हा तिचं काम पिण्याचं पाणी आणि सांडपाणी हेच होतं, नाव पण पब्लिक हेल्थ इंजिनिअरिंगचं होतं, नीरी १९७४ मध्ये झालं. पाण्यातलं फ्लोराइड तुरटी आणि चुन्याने काढायची नालगोंडा पद्धत यांचीच. मातीसाठी अमरावती रोडवर एनबीएसएस म्हणजे मृदा सर्वेक्षणाचं राष्ट्रीय ऑफिस. कापूस संशोधन, संत्र्याचं संशोधन, सेंट्रल ग्राउंड वॉटर बोर्डाचं ऑफिस, सेमिनरी हिल्सला जीएसआय म्हणजे भूगर्भ सर्वेक्षण, सोनेगावला हवामान खातं. एवढं सगळं एका शहरात फार कमी ठिकाणी आहे आणि पुण्याला जाणाऱ्या पोरांना हे माहीतच नसते.

फक्त यातलं काहीच तुला एम.एससी.च्या ॲडमिशनसोबत आपोआप भेटत नाही. गेटवर आयडी दाखवून आत गेलं असं होत नाही. डिझर्टेशनला बाहेरच्या लॅबमध्ये जायचं तर गाइडचं पत्र, विभागाचं पत्र, तिथल्या कोण्या सायंटिस्टची हो, कधी कधी फी पण, आणि हे सगळं तिसरं सेमिस्टर चालू असतानाच केलं तर चौथ्यात काम होते. म्हणून मशीनची यादी पाहू नको, गाइडची पाहा. ज्या मॅडमचे किंवा सरांचे बाहेरच्या लॅबसोबत मिळून पेपर निघाले आहेत त्यांचा एक फोन तुझ्या दहा अर्जांच्या बरोबर असतो. गूगल स्कॉलरवर नाव टाकून पाहिलं की पाच मिनिटांत कळते.

मुठा_मुक्काम:
मी विदर्भातलाच, पुण्यात करतोय. थोडं उलट सांगतो. संत्राबर्फी भाऊ जे म्हणतात ते बरोबर पण त्यात दोन वर्षांतलं अर्धं वर्ष पत्रं फिरवण्यात जाते, ते नाही लिहिलं त्यांनी. मोठ्या विद्यापीठात सेंट्रल इन्स्ट्रुमेंट फॅसिलिटी कॅम्पसवरच असते, स्लॉट बुक केला, सॅम्पल दिला, रिपोर्ट घेतला. ज्याला पुढं इंडस्ट्रीत लॅबची नोकरी करायची त्याने मशीन जिथं आहे तिथं जावं, साधं गणित आहे. रूमभाडं मात्र विचारू नका 🙏

संत्राबर्फी:
सॅम्पल दिला आणि रिपोर्ट घेतला यात मशीन कुठं शिकली? ते तर कुरिअरनेही होते. आणि आता आय-स्टेम पोर्टल आहे, २०२० पासून, देशभरातल्या सरकारी संस्थांमधल्या मशीनी त्याच्यावर टाकल्या आहेत, नागपूरला बसून मुंबईच्या मशीनचा स्लॉट मागता येते. म्हणजे मशीन कुठं आहे हा प्रश्न पूर्वीएवढा राहिला नाही. नदी मात्र कुरिअरने येत नाही. तिचा विषय नाग-कन्हान-वैनगंगेचा आहे, पुण्यात बसून दर महिन्याला सॅम्पलिंगला आंभोऱ्याला येणार का ती?

मुठा_मुक्काम:
नदीचा मुद्दा मान्य. बाकी मत कायम.

लॅबवाला_काका:
पोरी, मी एका कॉलेजात लॅब असिस्टंट म्हणून नोकरी काढली, आता रिटायर आहो. कॉलेजचं नाव घेत नाही. तुले खरं पाहाचं असन तर ॲडमिशनच्या आधी एक दिवस जाऊन लॅब पाहून ये, कोणी नाही म्हणत नाही, आणि गेल्यावर मशीनकडे नको पाहू, मशीनच्या आजूबाजूला पाहा.

आमच्याकडे एएएस होतं. निरीक्षणाला समिती येणार म्हटलं की त्याच्यावरचं कव्हर निघे, फुलं लागत. आता एएएसला प्रत्येक मेटलचा वेगळा लॅम्प लागते, लेडचा वेगळा, कॅडमियमचा वेगळा, कॉपरचा वेगळा. आमच्या डब्ब्यात कॉपर, झिंक आणि आयर्न एवढेच होते, आणि पोरं यायची लेड-कॅडमियमचे टॉपिक घेऊन. वरून ॲसिटिलिनचं सिलिंडर संपलं की नवीन याले तीन कोटेशन, मंजुरी, मग ते मार्च. म्हणून विचारायचं कसं, तर "एएएस आहे का" असं नाही विचारायचं. विचार की लॅम्प कोणते आहेत, सिलिंडर शेवटचं कधी आलं, चालवते कोण. चालवणारा माणूस कंत्राटी असला आणि त्याचं कंत्राट सुटलं तर मशीन म्हणजे टेबल. लॉगबुक दाखवा म्हण. लॉगबुकमध्ये मागच्या सहा महिन्यांत पोरांच्या सह्या असल्या तर समज हात लावू देतात.

दुसरं बीओडी इन्क्युबेटर. हे फार कामाचं आणि याच्याकडे कोणी पाहत नाही. जुन्या पद्धतीत वीस डिग्रीवर पाच दिवस ठेवायचं, आपल्याकडच्या आयएस पद्धतीत सत्तावीसवर तीन दिवस. नागपूरच्या मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस असते तर त्या डब्ब्याचा कॉम्प्रेसर ठीक पाहिजे आणि लाईन गेली तर बॅकअप पाहिजे, नाहीतर रीडिंग कचरा. तीन दिवसवाल्यात शुक्रवारी लावलं की सोमवारी काढता येते, शनिवार-रविवारी कॉलेज बंद असलं तरी चालते, पण मग सोमवारी लाईन होती का गेली होती हे कोण सांगणार? चौकीदाराले विचारावं लागे मले. तर इन्व्हर्टर आहे का ते पाहा, झुंबर नको पाहू.

आणि डिस्टिल्ड वॉटर. ज्या लॅबमध्ये डिस्टिल्ड वॉटर कॅनने विकत येते तिथं पाण्याचं ॲनालिसिस किती मनापासून होत असन ते तूच समज.

वैनगंगाकाठ:
काका, तुमचं लिहिणं मी स्क्रीनशॉट काढून ठेवलं 🙏 हे कोणीच सांगत नाही. संत्राबर्फी दादा, एक विचारू का, एम.एससी.ला फील्डवर किती नेतात? की दोन वर्षं आतच?

संत्राबर्फी:
विभागावर आहे. आमच्या मॅडम चांगल्या होत्या, पहिल्याच सेमिस्टरला नाग नदीवर नेलं. एक सांगतो. डीओची ती तीनशे एमएलची काचेची बाटली असते ना, घासलेल्या बुचाची, तिच्यात बुडबुडा न येऊ देता पाणी भरायचं आणि तिथल्या तिथं मँगनीज सल्फेट आणि मग अल्कली-आयोडाइड-अझाइड दोन-दोन एमएल टाकून हलवायचं. ऑक्सिजन असला की तपकिरी साका बसते. अंबाझरीच्या बाजूला भरली तर छान चहाच्या रंगाचा आला. मग गाडी काढून पारडीच्या पुढं गेलो, तिथं भरली, रसायनं तीच, हात तेच, आणि साका पांढराफटक. म्हणजे पाण्यात ऑक्सिजन नाहीच. टायट्रेट करायची गरजच नाही पडली. वर्गात अर्धी पोरं नागपूरचीच होती, रोज त्या पुलावरून जाणारी, पण कोणी बोललं नाही थोडा वेळ, मग एकीने विचारलं की मॅडम हे पुढं कुठं जाते. तर तुझ्या गावाकडं जाते.

यासाठी काय लागलं? दोन रीजंट, चार बाटल्या आणि एक मॅडम.

बाकी नाग नदीच्या प्रदूषण निर्मूलनाचा १,९०० कोटींच्या वरचा प्रकल्प मंजूर आहे, त्याचं काम जसजसं होईल तसतसे आधीचे आणि नंतरचे आकडे लागतीलच कोणाला तरी. भांडेवाडीला सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे, तिथलं प्रक्रिया केलेलं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जाते, हे पण पाहायला नेतात काही विभाग. तुझ्यासाठी हा बायोडेटाचा विषय आहे खरं म्हणजे, पाणी जिथून निघते तिथं राहून शिकशील आणि जिथं पोचते तिथं घर आहे.

धरमपेठची_मास्तरीण:
मी डिग्री कॉलेजला शिकवते, ते एन्व्हायर्नमेंट स्टडीजचं कंपल्सरी पेपरवालं. सगळे हसतात त्या पेपरला, मलाही माहीत आहे, पोरं परीक्षेच्या आदल्या रात्री गाइड वाचतात. पण तो पेपर आला कुठून तर सुप्रीम कोर्टातून, एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ मध्ये कोर्टाने सांगितलं की पर्यावरण सगळ्यांना शिकवा, आणि मग यूजीसीने तो सगळ्या शाखांना लावला. कोर्टाने सांगितलं म्हणून विषय आला, पण त्याच्यासोबत बसचं भाडं काही आलं नाही 😅 फील्ड व्हिजिट सिलॅबसमध्ये लिहिलेली आहे, बजेटमध्ये नाही, मग आम्ही काय करतो तर प्राचार्यांच्या मागे लागून जिथं ऑटोने जाता येते तिथं नेतो.

आणि खरं सांगू का, नागपुरात ऑटोने जाता येईल तिथं इतकं आहे की बसची गरज नाही. एनबीएसएसचं मातीचं म्युझियम पाहिलंय का कोणी? जमिनीचा उभा छेद जसाच्या तसा काढून लाकडी चौकटीत लावलेला, वरच्या काळ्या थरापासून खालच्या मुरमापर्यंत, देशभरातल्या माती एका भिंतीवर. शेतकऱ्याची पोरं तिथं थांबतात, हलत नाहीत, आपापल्या गावची माती शोधतात. शहराखालची भूमीच पाहा, पश्चिमेकडे दख्खनचा काळा बसाल्ट, पूर्वेकडे जुना नाइस खडक, आणि कामठीकडे गोंडवनाचे थर, कोळशावाले. एकाच शहरात विहिरीचं पाणी गल्लीगणिक वेगळं लागते त्याचं हे एक कारण. महाराजबाग कृषी महाविद्यालयाची आहे, ते कॉलेज १९०६ चं. गोरेवाड्याला माफ्सूचं, म्हणजे पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं, वन्यजीव संशोधन केंद्र आहे. अंबाझरी तर २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरानंतर धडाच झाला आहे आमच्यासाठी, तलाव १८७० चा, खाली वस्ती आत्ताची, पोरांना नकाशा दाखवला की पोरंच बोलतात, मला शिकवावं लागत नाही.

तर वैनगंगाकाठ, तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर असं की लॅब काका म्हणाले तसं पाहून घे, पण विभाग पोरांना बाहेर किती काढतो हे मागच्या बॅचच्या पोरींना विचार. सर सांगतील तेवढं नको धरू, पोरी खरं सांगतात. हॉस्टेलचं पण तेव्हाच विचारून घे, अर्ज लवकर भरावा लागतो आणि लिस्ट लागेपर्यंत जीव टांगणीला.

सॅटेलाइट_पोट्टा:
कोणी एमआरसॅकचं नाव नाही घेतलं म्हणून लिहून राहिलो. व्हीएनआयटीच्या परिसरात आहे, महाराष्ट्राचं रिमोट सेन्सिंगचं केंद्र, आणि इस्रोच्या एनआरएससीचं पण एक प्रादेशिक केंद्र नागपुरातच आहे. बॅकवॉटरमध्ये जलपर्णी कुठं किती पसरते हे पाहायला होडी कायले पाहिजे, सेंटिनेल-२ उपग्रहाचे फोटो फुकट आहेत, दहा मीटरचं रेझोल्यूशन, दर पाच दिवसांनी नवीन, ढग नसले तर. नकाशाचं सॉफ्टवेअर क्यूजीआयएस फुकट, इस्रोचं नकाशांचं पोर्टल भुवन फुकट. लॅपटॉप आठ जीबीचा असला तरी ओढते, चाळीस मिनिटं लागतात एवढंच. एम.एससी.ला एक पेपर जीआयएसचा, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नकाशांचा, असतेच, तो सिरियसली घे, नोकऱ्या तिथं जास्त आहेत आता.

ढगाळ_नागपूर:
फेलोशिपचं पण सांगा कोणीतरी, ज्ञान झालं, पोटाचं काय

संत्राबर्फी:
हे बरोबर विचारलं एकदाचं. एम.एससी.ला स्कॉलरशिप महाडीबीटीवरून, ते सगळ्यांना माहीत आहे. पुढं पीएच.डी.ला जायचं तर नीट लक्षात ठेव, सीएसआयआर नेटमध्ये एन्व्हायर्नमेंटल सायन्स असा वेगळा विषय नाही, लाइफ सायन्स नाहीतर अर्थ सायन्समधून द्यावी लागते. यूजीसी नेटमध्ये मात्र एन्व्हायर्नमेंटल सायन्सेस आहे. पोरं इथंच चुकीचा फॉर्म भरतात. गेटमध्ये पण २०२१ पासून एन्व्हायर्नमेंटल सायन्स अँड इंजिनिअरिंगचा पेपर आला आहे. नीरीत पीएच.डी. अॅकसिर म्हणजे सीएसआयआरच्या अकादमीमधून होते. राज्याच्या बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या फेलोशिप आहेत, ज्याची जी कॅटेगरी तशी, महाज्योतीचं ऑफिस तर नागपूरलाच आहे. वेळेवर येतात का ते मला नको विचारू, बीपी वाढते.

वैनगंगाकाठ:
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना. घरी वाचून दाखवलं, मामा मुठा_मुक्काम दादांच्या पोस्टवर खुश झाले आणि बाकी सगळ्यांवर नाराज 😀 पण मी नागपूरचं ठरवून राहिली आहे जवळजवळ. पुढच्या आठवड्यात दोन ठिकाणी लॅब पाहायला जाते, काकांची यादी घेऊन.

एक शेवटचं. समजा मी घरूनच सॅम्पल आणले, पवनीहून नागपूर, भिवापूर-उमरेडवरून एसटीनं, नॅरोगेज तर बंद झाली आमची, तर ते पाणी टिकते का एवढ्या वेळात? की आणलं आणि वाया गेलं असं होईल?

लॅबवाला_काका:
टिकते, पण कशासाठी आणून राहिली त्याच्यावर आहे. डीओ आणाचाच नाही, वर त्या दादानं सांगितलं तसं काठावरच रीजंट टाकून बुच लाव, मग संध्याकाळपर्यंत टायट्रेट केलं तरी चालते. पीएच आणि तापमान पण काठावरच घे, छोटा मीटर विभागातून मागून ने, सही करून. बीओडीचं पाणी थर्माकोलच्या डब्ब्यात बर्फ घालून आण आणि त्याच दिवशी लाव, चोवीस तासांच्या वर नको. बॅक्टेरियाचं असलं तर बाटली निर्जंतुक केलेली पाहिजे आणि सहा तासांत लॅबमध्ये पोचली पाहिजे, म्हणजे सकाळची पहिली गाडी पकड. मेटलचं पाणी सगळ्यात निवांत, लिटरला दोन एमएल नायट्रिक ॲसिड टाकलं की पीएच दोनच्या खाली जाते आणि महिने टिकते, फक्त बाटली प्लास्टिकची घे आणि आधी ॲसिडनं धुतलेली. मासोळी असली तर बर्फात, आणि त्याच दिवशी डीप फ्रीजमध्ये.

आणि नायट्रिकची बाटली एसटीत नेऊ नको बापा. घरून निघायच्या आधी लॅबमधूनच रिकाम्या सॅम्पल बाटल्यांत मोजून थेंब टाकून घ्यायचे, बुच घट्ट, वरून टेप, आणि बाटलीवर मार्करनं लिहायचं की आत ॲसिड आहे, नाहीतर घरी कोणी तरी पाणी समजून धुऊन ठेवन.